गल्लीतील जुनी विहीर पुन्हा वापरात आणताना : बेळगाव सीमाभागातील स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शन

पर्यावरणाचे काम हाती घेऊ इच्छिणारी तरुण मंडळी पहिल्यांदा एकत्र बसतात, तेव्हा वृक्षारोपण, प्लास्टिकविरोधी फेरी आणि स्वच्छता मोहीम हे तीन विषय हटकून पुढे येतात. तिन्ही कामे चांगलीच आहेत, परंतु जून महिन्यात लावलेली रोपे मार्चमध्ये कोणाच्या पाण्यावर जगणार, हा प्रश्न त्या बैठकीत सहसा कोणी विचारत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील वस्तीने आपल्या कामाची सुरुवात स्वतःच्या जुन्या सार्वजनिक विहिरीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. विहिरीचे पाणी चांगले राखायचे म्हटले की गल्लीतील कचरा, सांडपाणी, निर्माल्य, छपरावरचे पावसाचे पाणी आणि आसपासच्या बोअरचा उपसा या सगळ्यांचा विचार ओघानेच करावा लागतो; शिवाय केलेल्या कामाला यश आले की नाही, हे वर्षभरात साध्या दोराने मोजता येते.

या भागाला विहिरींची मोठी परंपरा आहे. 1924 साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले, तेव्हा जमणाऱ्या लोकांना पाणी पुरावे म्हणून टिळकवाडीत विहीर खोदण्यात आली आणि ती आजही काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखली जाते. पुढे शहराला मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरील हिडकल धरणातून पाणी येऊ लागले, खेड्यांत नळ आणि बोअर आले, आणि गल्लीतल्या विहिरींचा वापर हळूहळू थांबला. ज्या विहिरीतून कोणी पाणी शेंदत नाही, तिच्यात कचरा टाकताना कोणाचा हात अडखळत नाही. हे पुनरुज्जीवनाचे काम दिवाळीनंतर सुरू करून मृग नक्षत्रापूर्वी संपवावे, म्हणजे पहिला मोठा पाऊस स्वच्छ विहिरीत मुरतो.

मालकी आणि परवानगी

विहीर निवडण्यापूर्वी ती कोणाची आहे, हे कागदावर पाहावे. गल्लीतील सर्वजण जिला सार्वजनिक म्हणतात ती विहीर प्रत्यक्षात देवस्थानाच्या, एखाद्या कुटुंबाच्या किंवा सरकारी जागेत असू शकते. ग्रामनकाशा आणि जागेचा उतारा काढून सर्वे नंबर पडताळावा. विहीर खाजगी असेल तर मालकाकडून लेखी संमती घ्यावी. त्या संमतीत पाणी कोणी वापरावे, किती वर्षे वापरावे, मोटर बसवता येईल का आणि दुरुस्तीचा खर्च कोणी करावा, हे चार मुद्दे स्पष्ट असावेत. गाळ काढून पाणी वर आल्यानंतर मालकाचा विचार बदलणे आणि कामाला लागलेल्या मुलांचा हिरमोड होणे, हा प्रसंग केवळ एका कागदाने टळतो.

खेड्यात पंचायत विकास अधिकाऱ्यांकडे अर्ज द्यावा आणि विषय आधी वॉर्ड सभेत, मग ग्रामसभेत मांडून ठराव करून घ्यावा; शहरात महानगरपालिकेच्या वॉर्ड कार्यालयाकडे जावे. अर्ज कन्नडमध्ये लिहिलेला असावा, मराठी प्रत आपल्या फाइलमध्ये ठेवावी आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नये. कन्नड चांगले लिहिणारी एक तरी व्यक्ती पहिल्या दिवसापासून गटात घ्यावी. आपल्याकडे कानडी आणि मराठी कुटुंबे पिढ्यानुपिढ्या एकाच कठड्यावर घागरी ठेवत आली आहेत; त्यामुळे बैठकीची सूचना, कामाचा फलक आणि जमाखर्च दोन्ही भाषांत असावा. देवस्थानाची पंचमंडळी, गणेशोत्सव मंडळ आणि महिलांचा स्वसहाय्य संघ यांपैकी निदान दोघांचा प्रतिनिधी गटात नसेल, तर काम सुरू करण्याची घाई करू नये.

विहीर वाचायला शिकणे

पहिले दोन-तीन महिने विहिरीला हात न लावता तिची नोंद ठेवण्यात घालवावेत. अनेकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो, पण पुढचा सगळा निर्णय या नोंदींवर उभा राहतो. एका मजबूत दोरीला अर्ध्या-अर्ध्या मीटरवर गाठी मारून टोकाला वजन बांधावे, कठड्यावर रंगाने एक खूण करावी आणि दर पौर्णिमेला व अमावास्येला त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजून वहीत लिहावे. तारखा लक्षात ठेवण्यापेक्षा या दोन तिथी घरोघरी सहज लक्षात राहतात. मोजणी सकाळी लवकर, उपसा सुरू होण्यापूर्वी करावी. जवळ बोअर असतील तर त्यांची मोटर चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा पातळी पाहावी. दोन्हींत फरक दिसला, तर बोअर आणि विहीर एकाच भूजलावर आहेत असे समजावे.

त्याच काळात गल्लीतील वयस्कर स्त्रियांशी सविस्तर बोलावे. पाणी त्यांनीच भरलेले असते, म्हणून कोणत्या बाजूचा झरा उन्हाळ्यातही वाहत असे, पाण्याला क्षार केव्हा चढत असे, कोणत्या वर्षी विहीर आटली आणि तळाशी खडक आहे की मुरूम, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. कठड्याच्या दगडावर दोराने पडलेल्या खाचा नीट पाहाव्यात: ज्या बाजूला खाचा खोल आहेत त्या बाजूने पाणी अधिक शेंदले जात असे, आणि बहुधा त्याच बाजूला पाणी सर्वांत खोल असते.

यानंतर विहिरीभोवती पंधरा मीटरचे वर्तुळ कल्पून त्यातील प्रत्येक शौचालयाचा शोषखड्डा, गोठा, उकिरडा, उघडे गटार आणि धुण्याची जागा हाताने काढलेल्या नकाशावर दाखवावी. शोषखड्डा आणि विहीर यांत निदान पंधरा मीटर अंतर असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. खानापूर आणि बेळगावच्या पश्चिमेकडील जांभ्या दगडाच्या पट्ट्यात मात्र एवढ्याने निश्चिंत राहू नये. जांभा सच्छिद्र असतो, त्याच्या भेगांतून पाणी वेगाने सरकते आणि त्यासोबत घाणही सरकते. पूर्वेकडे अथणी, रायबागच्या बाजूच्या काळ्या मातीत पाणी सावकाश मुरते. तिथे प्रश्न घाणीच्या वेगापेक्षा पाण्याच्या तुटवड्याचा अधिक आहे. फुटलेले गटार किंवा चुकीच्या जागेचा शोषखड्डा आढळला, तर त्याची दुरुस्ती विहीर साफ करण्याच्या आधी झाली पाहिजे. शेजाऱ्याच्या शोषखड्ड्याविषयी बोलणे अवघड असते, त्यामुळे हा विषय जाहीर सभेत न काढता पंचमंडळींपैकी कोणीतरी त्या घरी जाऊन काढावा.

गाळ काढणे : सर्वांत धोक्याचा टप्पा

या टप्प्याविषयी मी मुद्दाम विस्ताराने लिहीत आहे, कारण उत्साही तरुणांचे जीव इथेच जातात. वर्षानुवर्षे बंद असलेल्या विहिरीत कुजणारा कचरा प्राणवायू संपवतो आणि कार्बन डायऑक्साइड हा हवेपेक्षा जड वायू तळाशी साचतो. गाळ ढवळला की त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन बाहेर पडू शकतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. म्हणून वास येत नाही याचा अर्थ धोका नाही, असा घेऊ नये. दिवा किंवा मेणबत्ती खाली सोडून पाहण्याची जुनी पद्धतही अपुरी आहे. ज्योत विझली तर प्राणवायू कमी आहे एवढे कळते, मात्र ज्योत तेवत राहिली तरी विषारी वायू असू शकतो, आणि मिथेन असेल तर ज्योतीनेच भडका उडू शकतो.

म्हणून सुरक्षेचे साहित्य हाती आल्याशिवाय कामाचा दिवस ठरवू नये. वायू मोजणारे यंत्र अग्निशमन दलाकडून, एखाद्या कारखान्याकडून किंवा सुरक्षा साहित्य भाड्याने देणाऱ्याकडून मिळवावे. सामान्य हवेत प्राणवायू सुमारे 20.9 टक्के असतो. यंत्रावर तो 19.5 टक्क्यांच्या खाली दिसला तर कोणीही खाली उतरू नये. विजेवर चालणारा पंखा वर ठेवून त्याला जोडलेली रुंद नळी तळाजवळ सोडावी आणि निदान तासभर ताजी हवा खाली ढकलावी. माणसे आत असेपर्यंत पंखा बंद होता कामा नये. पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन विहिरीत कधीही उतरवू नये, आणि कठड्यालगतही ठेवू नये, कारण त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू विहिरीत साचू शकतो. पाणी उपसण्यासाठी विजेचा पंप वापरताना गळती झाल्यास वीज तोडणारा ब्रेकर बसवलेला असावा आणि पंप चालू असताना कोणीही पाण्यात पाय ठेवू नये.

खाली उतरण्याचे काम विहिरीत काम करण्याची सवय असलेल्या मजुरांनाच पुरेशी मजुरी देऊन द्यावे. स्वयंसेवकांनी वरून दोर ओढावा, गाळ वाहावा, माणसांची ये-जा सांभाळावी आणि जेवणपाणी पाहावे. उतरणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात पट्ट्यांचा सुरक्षा साज असावा, त्याचा दोर वर दोन माणसांच्या हातात असावा आणि दर काही मिनिटांनी हाक देऊन प्रतिसाद घ्यावा. आतला माणूस कोसळला तर त्याला वाचवण्यासाठी दुसऱ्याने उडी टाकू नये. दोराने त्याला वर ओढावे आणि लगेच 112 क्रमांकावर मदत मागवावी. अशा अपघातांत पहिल्यामागून उतरलेला दुसरा आणि तिसराही दगावतो. हा नियम काम सुरू होण्यापूर्वी सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवावा आणि तो पाळू न शकणाऱ्याला कठड्याजवळ थांबू देऊ नये.

पाणी एका दिवसात तळापर्यंत उपसण्याचा मोह टाळावा. भोवतालच्या मातीत मुरलेले पाणी बाहेरून भिंतीवर दाब देत असते आणि विहिरीतील पाणी आतून तो दाब तोलून धरते. आतले पाणी झपाट्याने काढले तर चुन्यात बांधलेली किंवा नुसती रचलेली जुनी भिंत आत ढासळू शकते. दिवसाला मीटर-दीड मीटर पातळी उतरवावी, दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीला नवी भेग किंवा फुगवटा आला आहे का ते पाहावे आणि मगच पुढे जावे. फुगवटा दिसला तर काम थांबवून अनुभवी गवंड्याला किंवा अभियंत्याला दाखवावे.

निघालेल्या गाळात वरच्या थरांत प्लास्टिक, काच, औषधाच्या बाटल्या, मूर्तींचे अवशेष आणि रंग असतात. तो भाग वेगळा करून नगरपालिका किंवा पंचायतीच्या कचरा व्यवस्थेकडे सोपवावा. खालचा स्वच्छ मातीसारखा गाळ आधी वाळवावा आणि मगच शेतात पसरावा. मूर्तींचे अवशेष हाताळताना देवस्थानाच्या पुजाऱ्यांना बोलावून आदरपूर्वक विधी करून घ्यावा, म्हणजे गल्लीतील कोणाचे मन दुखावत नाही.

भिंत, कठडा आणि जाळी

भिंतीत रुजलेले पिंपळ-वडाचे रोप नुसते वरून कापले तर मुळे दगडांच्या सांध्यांत जाड होत राहतात. सांधा मोकळा करून मूळ शक्य तितके आतून काढावे आणि मग सांधे भरावेत. चुन्याच्या बांधकामाची दुरुस्ती चुन्यानेच करावी. घट्ट सिमेंटचा थर सगळीकडे थापला तर झऱ्याची वाट बंद होते आणि दाबाने दगड सुटतात. झरे जिथे दिसतात तिथले सांधे मोकळेच सोडावेत. कठडा जमिनीपासून मुलांच्या छातीपेक्षा उंच असावा, वर उघडता येणारी लोखंडी जाळी असावी आणि कठड्याभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला फरशीचा पट्टा करावा, म्हणजे सांडलेले पाणी परत विहिरीत झिरपत नाही.

छपरावरचे पाणी विहिरीत आणणे

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते, एवढे गणित प्रत्येक स्वयंसेवकाला तोंडपाठ असावे. 80 चौरस मीटरच्या मंदिराच्या किंवा शाळेच्या छपरावर वर्षाला 1,000 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातील 80 टक्के पाणी हाती आले, तर 64,000 लिटर पाणी विहिरीला मिळते. बेळगाव शहरात सरासरी पाऊस याहून अधिक आहे, खानापूरच्या घाटमाथ्यावर कणकुंबी, जांबोटीकडे तर कितीतरी अधिक, आणि अथणीकडे बेळगावच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे खानापूरच्या पश्चिम भागात चिंता पावसाळ्यात विहीर भरण्याची नसते. जांभ्यातून ते पाणी माघ-फाल्गुनापर्यंत निघून जाते, म्हणून तिथे विहिरीच्या वरच्या अंगाला उतारावर चर खणून पाणी सावकाश मुरवणे अधिक उपयोगाचे ठरते.

विहिरीत थेट सोडायचे पाणी फक्त छपराचे असावे. रस्त्यावरचे आणि अंगणातले पाणी तेल, शेण व कचरा घेऊन येते. ते विहिरीत कदापि सोडू नये. सिमेंटच्या जुन्या पत्र्यांच्या किंवा कबुतरांनी घाण केलेल्या छपराचाही या कामी उपयोग करू नये. वळवाचा आणि मृगाचा पहिला पाऊस छप्पर धुऊन काढतो, म्हणून पन्हळीच्या नळाला बाहेर उघडणारी तोटी बसवून ते पाणी वाहून जाऊ द्यावे. पुढचे पाणी विहिरीशेजारी बांधलेल्या गाळण टाकीतून न्यावे. तिच्या तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर धुतलेली जाड वाळू असे थर असावेत आणि खडी व वाळूच्या मध्ये नायलॉनची जाळी अंथरावी, नाही तर वाळू खाली उतरून टाकी तुंबते. वरचा वाळूचा थर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी काढून धुवावा. टाकीतून येणाऱ्या नळाचे तोंड विहिरीच्या मध्याकडे वळवावे, म्हणजे पाण्याची धार भिंतीवर आदळत नाही.

पाण्याची तपासणी

साफसफाईनंतर पाणी काचेसारखे दिसू लागले की लोक आनंदाने ओंजळ भरतात. त्यांना प्रेमाने पण निक्षून थांबवावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार 100 मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय जिवाणू मुळीच आढळता कामा नये, नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि फ्लोराइड 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे. नायट्रेट वाढलेले आढळले तर शोषखड्डा, गोठा किंवा शेतातील खत यांपैकी कशाचा तरी निचरा विहिरीकडे होत आहे असे मानून नकाशा पुन्हा उघडावा. जलजीवन मिशनखाली गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या महिला गावात असतील तर ही जबाबदारी सन्मानाने त्यांच्याकडे द्यावी. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा नमुना सरकारी प्रयोगशाळेतही पाठवावा.

निर्जंतुकीकरणासाठी 1,000 लिटर पाण्याला चांगल्या प्रतीची 2.5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर, हे सर्वमान्य प्रमाण आहे. विहिरीचा व्यास 4 मीटर आणि पाण्याची उंची 5 मीटर असेल तर पाणी सुमारे 62,800 लिटर भरते आणि पावडर साधारण 157 ग्रॅम लागते. पावडर आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून मग बादली तीन-चतुर्थांश भरावी, दहा मिनिटे निवळू द्यावी आणि वरचे निवळच दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडावे; तळाचा चुना बाहेर टाकावा. बादली दोराने वर-खाली करून पाणी ढवळावे आणि निदान तासभर कोणी पाणी घेऊ नये. हे काम रात्री केले तर सोयीचे पडते. उघडलेल्या पाकिटातील पावडरीचा जोर महिनाभरातही घटतो, म्हणून लहान पाकिटे घ्यावीत. अहवाल सलग दोन वेळा चांगला येईपर्यंत हे पाणी धुणे, भांडी, गुरे, झाडे आणि बांधकाम यांसाठीच वापरावे. तेवढ्यानेही नळाच्या पाण्यावरचा मोठा भार उतरतो.

कचरा आणि निर्माल्य

विहिरीत कचरा पडू द्यायचा नसेल तर त्याला जायला दुसरी जागा हवी. ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करणे 2016 च्या नियमांनी बंधनकारक केले होते. निर्माल्यासाठी कठड्यापासून दूर झाकणाचा कलश ठेवावा आणि त्यातील दोरा, प्लास्टिक व धातू काढून उरलेल्या फुलापानांचे खत करावे. ओल्या कचऱ्याच्या दुप्पट-तिप्पट वाळलेला पाला घातला की वास येत नाही आणि माशा होत नाहीत. दोन खड्डे केले तर एक भरेपर्यंत दुसऱ्यातील खत दोन-तीन महिन्यांत तयार होते. हे खड्डेही पंधरा मीटरच्या वर्तुळाबाहेर असावेत. गणेशमूर्ती कितीही लहान असली, शाडूची असली, तरी तिचे विसर्जन या विहिरीत होणार नाही, असा ठराव मंडळाच्या इतिवृत्तात श्रावणापूर्वीच नोंदवावा.

वापराचे नियम

पाणी आले की मोटर येते, आणि भांडणे बहुधा तिथूनच सुरू होतात. हेस्कॉम या वीज कंपनीची जोडणी कोणाच्या नावे, बिल कोण भरणार आणि उपसा किती वेळ, हे मोटर बसवण्याआधी लिहून काढावे. विक्रीसाठी टँकर भरण्यास पूर्ण मनाई असावी. तळापासून दीड मीटरवर लाल पट्टा रंगवावा आणि पाणी त्या पट्ट्यापर्यंत उतरले की उपसा थांबवून फक्त घागरीने पाणी घ्यावे. वर्गणी लहान पण नियमित असावी, आणि जमाखर्चाचा कागद दर महिन्याला मंदिराच्या फलकावर लागावा.

मोटरच्या खोलीची किल्ली आणि पातळीची वही एकाच व्यक्तीकडे कायमची राहू देऊ नये. माझ्या मते ही दोन्ही महिला संघाकडे असावीत आणि ती ठेवण्याचे घर दर सहा महिन्यांनी बदलावे. गावच्या यात्रेच्या आधी घरे रंगवली जातात, रस्ते झाडले जातात. विहिरीची वार्षिक सफाई, जाळीचे तेलपाणी आणि गाळण टाकीची वाळू धुणे ही कामे त्याच तयारीच्या यादीत घालावीत. यात्रा दरवर्षी भरत नसेल, तर गुढीपाडव्यानंतरचा पहिला रविवार ठरवावा आणि त्या दिवशी जुन्या वहीतील वर्षभराच्या पातळ्या सर्वांसमोर वाचून नव्या वहीत पहिली नोंद करावी.